गोष्ट कुठे उभी आहे? आफ्रिकन अद्भुतकथांचा कट्टा चालवण्याची कृती

सहा ते नऊ माणसं, पंधरा दिवसांतून एक बैठक, बैठक पावणेदोन तासांची, अशा सात बैठका. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शकांच्या अद्भुतकथांशी ओळख व्हायला एवढं पुरतं. नऊच्या वर माणसं गेली की तिघं बोलतात आणि बाकीचे चहा पितात. सहाच्या खाली गेली तर दोघांनी दांडी मारताच बैठक बारगळते.

कट्ट्याला ‘विज्ञानकथा कट्टा’ असं नाव देऊ नका. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटली की वाचक पहिल्या पानापासून शास्त्रीय आधार मागायला लागतो. इथे अंतराळयान असतं, त्याच्या शेजारी जलदेवता असते, आणि लेखकाला त्यात काही विसंगत वाटत नाही. ‘पण हे शक्य आहे का?’ हा प्रश्न एकदा बैठकीत शिरला की अर्धा तास खातो. ‘अद्भुतकथा’ म्हणा, निदान भांडण तरी टळतं.

दुसरी पूर्वतयारी म्हणजे दोन शब्द. ‘अफ्रोफ्युचरिझम’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क डेरी या गोऱ्या अमेरिकन समीक्षकाने रूढ केला, तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संगीताबद्दल बोलताना. पुढे तो इतका ताणला गेला की नायजेरियातल्या लेगॉसमध्ये लिहिलेली गोष्टही त्यातच टाकली जाऊ लागली. २०१९ मध्ये न्नेडी ओकोराफोर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेने ‘आफ्रिकनफ्युचरिझम’ हा वेगळा शब्द मांडला. तिने दिलेलं उदाहरण कट्ट्यावर जसंच्या तसं सांगावं, कारण ते दोन मिनिटांत समजतं. वाकांडाने, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’मधल्या काल्पनिक आफ्रिकन राज्याने, देशाबाहेरचं पहिलं केंद्र अमेरिकेतल्या ओकलंडला उघडलं, तर तो अफ्रोफ्युचरिझम. तेच केंद्र शेजारच्या आफ्रिकन देशात उघडलं, तर आफ्रिकनफ्युचरिझम.

सातही बैठकांना पुरणारा प्रश्न यातूनच निघतो: ही गोष्ट कुठे उभी आहे? ती कुठे घडते हा याचा फक्त एक भाग. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहून आणाव्यात: गोष्ट कुठे घडते, सांगणारा कुठून बोलतो, आणि कुणाला ऐकवतोय. तिन्ही उत्तरं एकच आली तर चर्चा लवकर संपते. ती जिथे वेगळी येतात तिथे थांबायचं.

सुरुवात कशाने करू नये

‘ब्लॅक पँथर’ने करू नये. २०१८ चा हा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण त्याने सुरुवात केली की पुढचं प्रत्येक पुस्तक वाकांडाच्या फूटपट्टीने मोजलं जातं. शिवाय मराठी बैठकीत ‘पँथर’ शब्द उच्चारताच बोलणं दलित पँथरकडे वळतं. तो संबंध खराच आहे: ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून १९७२ मध्ये मुंबईत ते नाव घेतलं गेलं. गंमत म्हणजे कॉमिकमधला ब्लॅक पँथर जुलै १९६६ चा आणि पार्टी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची. चित्रपट उघडतो तोही १९९२ च्या ओकलंडमध्ये. म्हणजे राज्य आफ्रिकेत दाखवलं असलं, तरी गोष्टीचं दुखणं ओकलंडचं आहे: तिथे मागे राहिलेल्या पोराचं. हे सगळं बोलण्यासारखंच आहे, पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर, हातात तुलनेला चार गोष्टी आल्यावर.

पहिली बैठक: एकवीस मिनिटं, दोनदा

वानुरी काहिऊ या केनियन दिग्दर्शिकेची ‘पुमझी’ (२००९) साधारण एकवीस मिनिटांची आहे. पुमझी म्हणजे स्वाहिलीत श्वास. पाण्यावरून झालेल्या तिसऱ्या महायुद्धाला पस्तीस वर्षं लोटलीत, बाहेरची जमीन मेलेली आहे, माणसं बंदिस्त वसाहतीत राहतात. संग्रहालयात काम करणाऱ्या आशाकडे मातीचा एक नमुना येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

संवाद फार कमी आहेत, त्यामुळे भाषेची भीती वाटत नाही. पहिल्यांदा काही न सांगता दाखवा. मग दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा, या वेळी कामं वाटून: एकाने फक्त पाण्याचा हिशेब ठेवायचा, एकाने फक्त वीज कुठून येते ते पाहायचं, एकाने कोण कुणाला परवानगी देतं किंवा नाकारतं ते टिपायचं. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्याला दिसतं की घाम आणि लघवीसुद्धा गाळून पुन्हा बाटलीत जाते. शेवटी ती बाटली कशी रिकामी होते याचं वजन तेव्हाच कळतं. वीज पाहणाऱ्याला कळतं की माणसं व्यायामाच्या यंत्रांवर राबून ती तयार करतायत. परवानग्या टिपणाऱ्याच्या कागदावर सगळ्यात जास्त ओळी येतात, कारण इथे स्वप्न पडलं तरी ते दाबायची गोळी घ्यावी लागते.

इथे एक चूक ठरलेली. कुणीतरी म्हणतं, ‘पर्यावरणाचा संदेश आहे.’ आहेच, पण ते म्हणून झालं की गप्पा संपतात. त्याऐवजी विचारा: मातीत पाणी आहे हे कळल्यावरही सत्तेवरचे लोक दार का उघडत नाहीत? बैठक तिथून चालायला लागते.

दुसरी आणि तिसरी

दुसऱ्या बैठकीला दोन छोट्या कथा घ्या, एक जुनी अमेरिकन आणि एक ताजी आफ्रिकन. जुनी म्हणजे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांची ‘द कॉमेट’. ती १९२० च्या ‘डार्कवॉटर’ या पुस्तकात आहे, आणि प्रताधिकार संपल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळते. बँकेचा कृष्णवर्णीय निरोप्या तळघरातल्या तिजोरीत उतरलेला असतो, तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरतं. वर आल्यावर त्याला एक श्रीमंत गोरी मुलगी जिवंत सापडते. कथा छोटी आहे, पण इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. आठवडाभर आधी वाटा, आदल्या रात्री नको. जग संपल्यावरही वर्णभेद उरतो की नाही, हे डुबॉइस किती पानं ताणून धरतात ते पाहण्यासारखं आहे.

ताज्या कथेसाठी वोले तलाबी यांनी संपादित केलेला ‘आफ्रिकनफ्युचरिझम’ हा २०२० चा संग्रह उतरवून घ्या. ‘ब्रिटल पेपर’ या साहित्यविषयक संकेतस्थळाने तो इंटरनेटवर फुकट दिला. त्यात आठ कथा आहेत. प्रत्येकाने वेगळी वाचून आणावी आणि तीन मिनिटांत सांगावी. आठही सगळ्यांना वाचायला लावल्या तर कुणीच पुऱ्या करत नाही. ‘ओमेनाना’ हे २०१४ पासूनचं नियतकालिकही असंच खुलं आहे.

तिसरी बैठक ओकोराफोरच्या ‘बिंती’ची (२०१५). लघुकादंबरी आहे, शंभरच्या आत पानं, ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेली. नायिका हिम्बा. हा समाज खरोखरच उत्तर नामिबियात राहतो, आणि तिथल्या बायका अंगाला, केसांना ‘ओतजिझे’ लावतात. शब्द परका वाटला तरी वस्तू परकी नाही: लोणी आणि गेरू. घरात गेरू असेल तर चिमूटभर तुपात कालवून बशीत ठेवा. तो लेप बोटाला लावून पाहिलेला वाचक पुस्तकात त्याचं पुढे काय होतं ते विसरत नाही. लादीवर मात्र सांडू देऊ नका, डाग जात नाही.

एक आक्षेप हमखास येतो: कथेतल्या एवढ्या मोठ्या हत्याकांडानंतर समेट फार पटकन होतो. तो खोडून काढू नका, आक्षेप योग्य आहे. कार्डावरच्या दुसऱ्या ओळीकडेही लक्ष वेधा. लेखिकेचं घर नायजेरियातल्या इग्बो समाजातलं, ती वाढली अमेरिकेत आणि नायिका हिम्बा. ‘आफ्रिकन लेखिकेची आफ्रिकन गोष्ट’ एवढ्यावर भागत नाही. खंडात पन्नासहून जास्त देश आहेत, एकट्या नायजेरियात पाचशेच्या आसपास भाषा. कोल्हापूरकराने मणिपुरी नायिका लिहिली तर आपण जे प्रश्न विचारू, ते इथेही विचारावेत.

चौथी आणि पाचवी: ‘किन्ड्रेड’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची १९७९ ची ही कादंबरी वाचून झाल्यावर कट्टा टिकतो किंवा मोडतो, आणि मोडला तर बहुधा वेळापत्रकामुळे.

१९७६ मधल्या कॅलिफोर्नियात राहणारी कृष्णवर्णीय लेखिका डेना पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरिलँडमध्ये खेचली जाते. काळयंत्र नाही, वायरी नाहीत, खुलासा नाही. नियम दोनच. रूफस नावाच्या गोऱ्या मुलाचा जीव धोक्यात आला की ती तिथे जाते. आपलाच जीव जातोय असं तिला वाटलं की परत येते. हा रूफस पुढे मळ्याचा मालक होणार, आणि तो तिचा पूर्वज आहे. त्याला वाचवणं तिला भाग आहे. बटलरने स्वतः या पुस्तकाला विज्ञानकथा म्हटलं नाही, भीषण स्वरूपाची अद्भुतकथा म्हटलं. ‘यंत्र कुठंय?’ असं विचारणाऱ्याला एवढंच सांगा.

प्रास्ताविक आणि उपसंहार सोडले तर प्रकरणं सहा आहेत: नदी, आग, पडणं, मारामारी, वादळ, दोर. ती समान लांबीची नाहीत, आणि वाटणी इथेच फसते. ‘नदी’ जेमतेम काही पानांची. ‘मारामारी’ सगळ्यात मोठं, पाऊणशे पानांच्या घरात. ‘तीन-तीन प्रकरणं’ अशी वाटणी केली तर दुसऱ्या पंधरवड्यावर फार मोठा भार येतो आणि लोक अर्धवट वाचून येतात. चौथ्या बैठकीला पहिली तीन प्रकरणं आणि ‘मारामारी’चा निम्मा भाग, पाचवीला उरलेलं. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांनी दिवसाला दहा-बारा पानं धरली तर दोन्ही पंधरवडे आरामात निघतात.

सोबत एक तक्ता ठेवायला सांगा, तीन रकाने: कितवी खेप, तिथे किती वेळ गेला, इथे किती. पहिल्या खेपेला ती नदीत बुडणाऱ्या पोराला बाहेर काढते, कित्येक मिनिटं तिथे असते, आणि घरी नवऱ्याच्या घड्याळात काही सेकंदच गेलेले असतात. दुसऱ्या खेपेला तिथे काही तास, इथे दोन-तीन मिनिटं. साल १८१५ आहे हेही तिला या खेपेतच कळतं. पुढचे रकाने वाचकाने स्वतः भरावेत. भरताना लक्षात येतं की तिथला मुक्काम वाढत जातो आणि तिचं ‘घरी’ म्हणणं हळूहळू कुठल्या घराबद्दल होतं ते धूसर होत जातं. आता कार्डावरची पहिली ओळ लिहून पाहा. कुठे घडते? चटकन उत्तर देता येत नाही.

दोन खबरदाऱ्या. चाबकाचे फटके आणि लैंगिक अत्याचार पुस्तकात आहेत, थेट आहेत. हे तिसऱ्या बैठकीच्या शेवटीच सांगून टाका, म्हणजे ज्याला नको असेल तो आधीच ठरवू शकेल. दुसरं, गुलामांसाठी वापरलेला शिवीवजा शब्द मोठ्याने वाचू नका, आणि त्याच्या जागी आपल्याकडचा जातिवाचक शब्द तर अजिबात घालू नका. अनुवादाच्या नादात हे सहज घडतं. त्याने दोन वेगवेगळे इतिहास एकमेकांवर चिकटतात आणि दोन्ही पुसट होतात. जातीशी तुलना व्हायची ती होणारच, ती शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

शब्द अडले तर

नियम साधा आहे: अनोळखी शब्द पहिल्यांदा आला तर पेन्सिलीने खूण करा, दुसऱ्यांदा आला तर अंदाज बांधा, तिसऱ्यांदा आला तरच शोधा. प्रत्येक शब्दाला मोबाइल उचलणारा वाचक तीस पानांत दमतो.

नायजेरियन पुस्तकांत पिजिन येते, म्हणजे तिथली बाजारातली इंग्रजी. ती डोळ्यांनी वाचली तर चुकीची इंग्रजी वाटते, मोठ्याने वाचली की समजते. ‘वेटिन’ म्हणजे काय, ‘ओगा’ म्हणजे साहेब किंवा शेठ, ‘अबेग’ म्हणजे अहो प्लीज, ‘वहाला’ म्हणजे लफडं, झंगट. ‘फोर-वन-नाइन’ला तर आपल्याकडे सख्खा भाऊच आहे: नायजेरियन फौजदारी कायद्याचं फसवणुकीचं कलम ४१९. आपली चारसोबीस तशीच जन्मली, फक्त एका आकड्याच्या फरकाने.

उच्चारांचंही तसंच. योरुबा या नायजेरियातल्या भाषेतला खाली टिंब असलेला ‘एस’ म्हणजे सरळ आपला श. ‘ब्लॅक पँथर’मध्ये वाकांडाची भाषा म्हणून जी ऐकू येते ती दक्षिण आफ्रिकेतली खोसा. तिच्यातल्या टिचक्या ऐकून लोक हसतात, पण ‘सी’ या अक्षराची टिचकी म्हणजे आपण हळहळताना चुकचुकतो तो आवाज, आणि ‘एक्स’ची म्हणजे घोड्याला हाकताना गालाच्या कडेने काढतात तो. आपण हे आवाज काढतोच, फक्त शब्दांत बसवत नाही.

काही कल्पनांना मराठी दार आहे. योरुबा लोकांत ‘अबिकू’ म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी जन्म घेऊन लहानपणीच मरणारं मूल. ते टिकावं म्हणून त्याला ‘मालोमो’, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, असं नाव ठेवतात. धोंडू, दगडू, भिका ही नावं कशासाठी ठेवत हे ज्याला माहीत आहे त्याला अबिकूसाठी तळटीप लागत नाही. पण त्या दाराशीच थांबू नका. बेन ओक्री यांच्या १९९१ च्या बुकर मिळालेल्या ‘द फॅमिश्ड रोड’मध्ये ते मूलच गोष्ट सांगतं, आणि राहायचं की परत जायचं हा निर्णय त्याच्याकडे आहे. आपल्या धोंडूला कुणी विचारलं नव्हतं.

सहावी: भांडणाची जोडी

‘डिस्ट्रिक्ट नाइन’ (२००९) घरी पाहून यावा आणि ओकोराफोरची ‘लगून’ (२०१४) वाचून यावी, याच क्रमाने. चित्रपटात परग्रहवासी जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत कोंडलेले आहेत. नावामागे केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आहे, जो १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि तिथल्या लोकांना हुसकावण्यात आलं. वर्णभेदावरचा चित्रपट म्हणून त्याचं कौतुक झालं, पण त्यातले नायजेरियन सरसकट गुंड आणि नरभक्षक. नायजेरिया सरकारने आपल्या देशातल्या चित्रपटगृहांना तो उतरवायला सांगितलं. ओकोराफोर त्या चित्रणावर चिडली, आणि त्या चिडीतूनच ‘लगून’ सुरू झाली: परग्रहवासी लेगॉसच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरतात, आणि त्यांना पहिली भेटते ती एक तलवारमासा.

‘लगून’ दुसऱ्या भागात विस्कटते. पात्रं वाढतात, वटवाघूळ बोलतं, रस्ता माणसं खातो. कथानक हातातून सुटलं असं वाटून बरेच जण तिथे पुस्तक मिटतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे नायक लेगॉस शहर आहे, माणसं येऊनजाऊन.

सातवी, आणि सबटायटल्स

शेवटच्या बैठकीला सुलेमान सिसे या मालीतल्या दिग्दर्शकाचा ‘येलेन’ (१९८७) लावा. कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेला, जादूगार बाप आणि त्याच्यापासून पळणारा मुलगा यांचा. सुरुवातीला पडद्यावर मजकूर येतो, त्यात बांबारा लोकांच्या गुप्तपंथाच्या खुणा सांगितलेल्या आहेत. नेमकं तेव्हाच लोक खुर्च्या सरकवत असतात. तो मजकूर थांबवून मोठ्याने मराठीत वाचा. तो हुकला तर हातातली काठी-मुसळं पुढे दीड तास निव्वळ लाकडं राहतात. त्यानंतर मात्र चित्रपट थांबवू नका.

सबटायटल्स आदल्या दिवशी तपासा, पहिली पाच मिनिटं पाहून नाही, तर मधूनच कुठेतरी; फाइल सरकलेली असेल तर ती मध्यावरच कळते. पांढरी अक्षरं पांढऱ्या वाळूवर दिसत नाहीत, प्लेअरमध्ये काळी किनार द्या. डब केलेली प्रत घेऊ नका. पिजिनमधल्या चित्रपटांना इंग्रजी येणाऱ्यांनीही सबटायटल्स चालूच ठेवावीत.

‘येलेन’ मिळाला नाही तर मती दिओपचा ‘अटलांटिक्स’ (२०१९) नेटफ्लिक्सवर आहे: पगार थकलेले डाकारचे मजूर समुद्रात जातात, आणि काही रात्रींनी थकबाकी मागायला परत येतात. ‘नेप्च्यून फ्रॉस्ट’ (२०२१) मात्र अनुभवी कट्ट्यासाठीच ठेवा. कोल्टन या खनिजाच्या खाणीतल्या मजुरांची ती संगीतिका आहे, आणि पाच भाषा एकमेकांत मिसळतात. लावण्याआधी सगळ्यांचे मोबाइल टेबलावर मध्ये ठेवायला सांगा. कोल्टनमधला टँटलम हा धातू त्यांच्या आत आहे, आणि शिवाय पावणेदोन तास कुणाचा वाजत नाही.

सात बैठकांनंतर कट्टा चालू राहिलाच, तर नामवाली सर्पेल यांची ‘द ओल्ड ड्रिफ्ट’ (२०१९) घ्या. झांबियाची तीन पिढ्यांची गोष्ट, साडेपाचशेहून जास्त पानं, म्हणजे चार बैठका. त्यातल्या पहिल्या बैठकीला नुओतामा बोडोमोची ‘अफ्रोनॉट्स’ (२०१४) ही पंधरा मिनिटांच्या आतली फिल्म दाखवा. एडवर्ड मकुका न्कोलोसो नावाचा माणूस १९६४ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, खरोखरच झांबियाची अंतराळ अकादमी चालवत होता आणि उमेदवारांना तेलाच्या पिंपात घालून उतारावरून सोडत होता, हे आधी पाहिलेलं बरं. नाहीतर कादंबरीत वाचताना ते लेखिकेने रचलं असं वाटतं. आज्या, आया आणि नातवंडं अशा तीन भागांची नावं डोक्यात राहत नाहीत, म्हणून वंशावळ मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा. आणि मधेमधे डासांचा थवा बोलायला लागतो, ती पानं प्रत्येक वेळी एकाच माणसाने वाचावीत, शक्यतो ज्याचा आवाज सगळ्यात बारीक आहे त्याने.